हवालदाराची अंडी

"आमच्या हवालदाराने अंडी घातली," मी म्हणालो, "आणि यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. नर आहे तो. उलटा करून, साक्षीदार उभे करून तपासलेला नर. त्याने अंडी घातली आणि ती शेपटीखाली घेऊन तो त्या काचेमागे बसलाय. ज्याला खोटं वाटत असेल त्याने तोंड उघडून तसं सांगावं."

तोंड कोणी उघडलं नाही. समोर बसलेल्यांच्या तोंडात दात नव्हते.

आमचा धंदा कवळ्यांचा. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे आमचं दुकान. माझी लेक त्याला लॅब म्हणते. आता कारभार तिचा. मी निवृत्त, म्हणजे हात चालतात पण कोणी ऐकत नाही. कवळी दुरुस्तीला दिली की गिऱ्हाईक बाकावर मुकाट बसून राहतं. गोष्ट सांगणाऱ्याला याहून चांगला श्रोता मिळत नाही, कारण तो उठूनही जात नाही आणि उलटूनही बोलत नाही.

त्या सकाळी बाकावर तिघं होती. एक निवृत्त कंडक्टर. त्याची खालची कवळी सैल झाली होती, वरची तोंडात होती, त्यामुळे त्याचं अर्धं तोंड चालू होतं. त्याच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ओठांवर रुमाल धरून. आणि बाकाच्या टोकाला, एका हातात काठी आणि मांडीवर रिकामी प्लॅस्टिकची बादली घेतलेला माझा साडू.

भाऊ नशिबाने मिळतो, मित्र आपण निवडतो, साडू मात्र सासरा निवडून देतो आणि स्वतः मोकळा होतो. माझी बायको थोरली, याची धाकटी. आम्ही खाली, ते वर. जिना एकच.

साडूची हयात लिलाव पुकारण्यात गेली. कपाटं, पंखे, बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या खुर्च्या, काय वाटेल ते त्याने त्या आवाजाच्या जोरावर खपवलं. आवाजावर त्याचा भारी जीव. दात गेल्यापासून कवळी घातल्याशिवाय त्याने बायकोसमोरसुद्धा एक शब्द उच्चारलेला नाही. लोकांना आपलं बोबडं ऐकू जाण्यापेक्षा मुकं मेलेलं बरं, असं त्याचं ब्रीद. आणि ती कवळी या घडीला माझ्या हातात, पॉलिशच्या मोटरवर फिरत होती.

झालं होतं असं, की हवालदाराच्या अंड्यांची बातमी त्या सकाळी वरच्या मजल्यावर पोचली. माझ्या बायकोने तेवढ्यापुरता अबोला सोडून बहिणीला सांगितली, बहिणीने नवऱ्याला. ऐकून त्याने दात-ओठ खाल्ले. ओठ वाचले, दात गेले. वरची कवळी मधोमध तडकली. म्हण इतकी मनापासून पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तसाच तोंड मिटून, बादली घेऊन खाली आला. लेकीने तडा सांधून दिला. "घासून मी देतो," असं म्हणून मी ती तिच्या हातातून घेतली, आणि तेव्हापासून घासतोय.

"बाबा," लेक तिच्या टेबलावरून म्हणाली, "काकांची झाली असेल एव्हाना."

"कड राहिलीय. टोचेल."

"मघाशीही कडच राहिली होती."

"नाजूक माणूस आहे," मी म्हणालो आणि कवळी उजेडात धरून बाकाकडे वळलो. "हे काम बघून ठेवा मंडळी. बाकी सगळ्यांच्या हिरड्या डब्यातल्या, एकाच गुलाबी रंगाच्या. तुमच्या, यांच्या, माझ्याही. साडूभाऊंना त्या चालल्या नाहीत. म्हणाले, माझ्या हिरड्या मूळच्या जांभळट, मला भाड्याच्या हिरड्या नकोत. म्हणून यांच्या एकट्यासाठी मी वेगळा रंग घोटला. जांभूळ खाऊन चूळ भरली की उरतो ना, तसा. या रंगाची हिरडी जगात दुसऱ्या माणसाच्या तोंडात सापडणार नाही. उरलेला रंग बाटलीत तसाच पडलाय, कोणाच्या कामाचा नाही."

शिवणवाल्या बाई पुढे वाकून नीट बघू लागल्या. साडू भिंतीकडे बघू लागला.

"रंगाचं राहू द्या, बाबा," लेक म्हणाली.

रंग जुळवायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलंय. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, निळं कुठलं आणि जांभळं कुठलं मला कळत नाही, असं तिचं म्हणणं. तसं काही नाही. मी ऑपरेशनची घाई करत नाही, इतकंच.

"पण हवालदार म्हणजे कोण?" कंडक्टरने अर्ध्या तोंडाने विचारलं. "पोलिसातला?"

"क्रेफिश," मी म्हणालो आणि मोटर बंद केली.

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंड. पंज्याएवढा, पुढे दोन नांग्या, लांब मिशा, मागे पंख्यासारखी शेपटी. आमचा निळा आहे. एक मोठं हॉटेल बंद पडलं, त्याच्या सामानाचा लिलाव साडू पुकारत होता आणि मी त्याची फजिती बघायला मिळेल या आशेने गेलो होतो. शेवटी राहिली एक काचेची टाकी आणि तिच्यातले दोन निळे क्रेफिश. बोली लागेना. आपण पुकारलेली वस्तू पडून राहणं म्हणजे साडूला भर चौकात धोतर सुटल्यासारखं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "अर्धी यांची, अर्धी माझी." मी नाक खाजवायला हात वर केला होता. त्याने ती बोली धरली.

हॉटेलच्या आचाऱ्याने दोघांना उलटं करून बघितलं, हा नर, ही मादी, असं सांगून दोन वेगळ्या पिशव्यांत घालून दिलं. घरी येऊन जिन्यावर, दोन्ही बायकांच्या देखत, वाटणी झाली. साडू म्हणाला, "मादी माझी. पिल्लं झाली तर तीही माझी." मी म्हणालो, "फौज तुम्ही घ्या. सेनापती माझा." नर माझा, मादी त्याची, पुढेमागे कुणी तक्रार करायची नाही. त्याने सवयीने कठड्यावर काठी आपटली. एक वार, दोन वार, तीन वार. ठरलं.

माझ्या नराचं नाव हवालदार पडलं, त्याच्या मादीचं ठकी. टाकी जिन्याच्या वळणावर ठेवली. मधोमध काचेचा पडदा, डावीकडे माझा, उजवीकडे त्याची. तोपर्यंत आम्ही साडू एकमेकांना अहो-जाहो करत होतो. टाकी आली आणि आठवड्याभरात अरे-तुरेवर उतरलो.

तो म्हणायचा, माझा हवालदार काचेतून त्याच्या ठकीकडे वाईट नजरेने बघतो. मी म्हणायचो, त्याची ठकी माझी गाजरं ओढते. काचेतून गाजर कसं ओढता येईल, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, तुझ्या घरच्यांना काय अशक्य आहे. पाणी बदलताना त्याने त्याची बाजू भरून घेतली आणि माझी कमी ठेवली. मी त्याच्या बाजूचा दिवा काढला. त्याने माझ्या बाजूचा दगड पळवला.

माझी बायको जिन्यावरून जाता-येता म्हणायची, "चार नांग्या टाकीत आहेत आणि चार बाहेर."

"ताई, तुझ्या ह्यांच्या जास्त टोचतात," मेहुणी वरून म्हणायची.

"तुझ्या ह्यांच्या आवाज जास्त करतात."

हळूहळू त्या बहिणी-बहिणीही तेवढंच बोलू लागल्या.

पण हवालदार. मी जिन्यावर पाऊल टाकलं की तो उजवी नांगी कपाळापर्यंत नेऊन सलाम करायचा. घरात लेक माझं ऐकत नाही, बायकोने ऐकणं कधी सुरूच केलं नव्हतं, आणि हा एवढासा प्राणी मला बघून ताठ उभा राहायचा. माणूस कशासाठी जगतो, अशासाठीच ना? साडू आला की पाठ फिरवून शेपटी दाखवायचा. एकदा साडू जिन्यावर उभा राहून गळा साफ करायला म्हणून आपल्याच छत्रीचा लिलाव पुकारत होता. हवालदाराने नांगी वर केली. दुसरी बोली आली नाही. तीन वार झाले आणि छत्री हवालदाराच्या नावावर गेली. नियम म्हणजे नियम. छत्री अजून माझ्याकडे आहे.

"ही छत्री?" कंडक्टरने दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"हीच."

साडूने छत्रीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या गालफडातली पोकळी आत-बाहेर झाली, पण आवाज आला नाही. ती छत्री तो पाच-सहा पावसाळे शोधत होता असं म्हणतात.

"मग एका सकाळी," मी म्हणालो, "काचेचा पडदा आडवा पडलेला दिसला. टाकीत एकच क्रेफिश. कोपऱ्यात दोन-तीन सुटे पाय, एक मिशी आणि शेपटीचा एक तुकडा. यांच्यात हे चालतं. भांडण झालं की जिंकणारा हरणाऱ्याला मागे ठेवत नाही. आपल्यापेक्षा बरे. आपण वर्षानुवर्षं जेवायला बोलावतो."

पडदा मी पाडला असं तो म्हणाला. त्याने पाडला असं मी म्हणालो. पण खरा प्रश्न वेगळाच होता. उरला तो कोण? नर उरला असेल तर माझा. मादी उरली असेल तर त्याची. वरून बघाल तर दोघं जुळी भावंडं, तीच लांबी, तोच निळा.

साडू म्हणाला, "सोपं आहे. तुझ्या हवालदाराची डावी नांगी खुजी होती."

यात तथ्य होतं. दगडात अडकून ती एकदा तुटली होती, नवी फुटली ती आखूड. आणि टाकीतल्या प्राण्याच्या दोन्ही नांग्या सारख्या होत्या.

"मग?" शिवणवाल्या बाईंनी भुवया उंचावून विचारलं.

"एका रात्रीत वाढली," मी म्हणालो. "माणसाची जिंकल्यावर छाती फुगते. त्याची नांगी फुगली."

काठी फरशीवर एकदा वाजली. साडू सरळ समोर बघत होता.

"एक वार," कंडक्टर हळूच म्हणाला.

मी कवळी पुन्हा मोटरला लावली. आवाजात जरा वेळ गेला.

तर नांगीवरून निकाल लागेना. भांडण इतकं वाढलं की दोघी बहिणींनी दोन्ही घरची चूल एकाच दिवशी बंद ठेवली. मग पंच म्हणून पाळीव माशांच्या दुकानातल्या मालकीणबाईंना बोलवायचं ठरलं. या बाईंनी आयुष्यात कुणाशी गोड बोलल्याचं ऐकिवात नाही. गिऱ्हाइकाचा मासा मेला तर त्या गिऱ्हाइकालाच झापतात. म्हटलं, निःपक्षपाती आहेत, दोघांचाही अपमान करतील.

बाई यायच्या होत्या त्या दिवशी मी प्राणी दुकानात आणला. टाकीत शेवाळ फार झालं होतं. त्याला फडक्यात धरून कोरडा केला, पोटाखालून जरा साफसूफ केली. पाहुण्यांसमोर उताणं पडायचं तर पोट नीटनेटकं हवं. याला वेळ लागतो. घाई केली की काही नीट बसत नाही.

"काय बसत नाही?" लेकीने मान वर केली.

"घडी. त्याच्या शेपटीची घडी."

बाई आल्या. जिन्यातच म्हणाल्या, "एका झिंग्यासाठी दोन म्हातारे? घरात दुसरं काम नाही?" त्यांनी हवालदाराला पाठीवर, नांग्यांच्या मागे, चिमटीत धरलं. तिथे धरलं की नांगी मागे पोचत नाही. उलटा केला. शेपटी फडफडली, पाणी बाईंच्या चष्म्यावर उडालं. चष्मा काढून त्यांनी कमरेला खोचला.

"आता कान देऊन ऐका, पुन्हा सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "शेपटीखाली दोन्हीकडे ही मऊ पिसं दिसतात ना, वल्ह्यासारखी, ती नरालाही असतात आणि मादीलाही. मादीची लांब, कारण अंडी त्यांनाच चिकटून राहतात. पण नराची धडाला लागून असलेली पहिली पिसं मऊ नसतात. तिथे कडक काड्या असतात, डोक्याच्या दिशेने वळून शेवटच्या पायांच्या मधोमध मिटून पडलेल्या. काड्या दिसल्या की नर. नाही दिसल्या की मादी. यात वाद घालायला काही जागा नाही."

"आणि?" साडूने विचारलं.

बाईंनी बोटाने चाचपलं. "काड्या आहेत. दोन. चांगल्या कडक आहेत. नर."

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण वकिलाचा पोर नसून वकिली करणारा माणूस तो. म्हणाला, "शेपटी बघा किती रुंद आहे. रुंद शेपटी मादीची असते, असं मी ऐकलंय."

"रुंद मीही आहे," बाई म्हणाल्या. "त्यावरून तुम्ही काय ठरवणार?"

"तसं नाही, पण मादीला भोकंही असतात म्हणे. नांग्या धरून तिसऱ्या जोडीच्या पायांच्या मुळाशी."

"असतात. नराची पाचव्या जोडीच्या मुळाशी असतात. मग? मला शिकवणार तुम्ही?"

"तेवढी एकदा बघा ना."

"काड्या दिसल्यावर भोकं शोधत बसायला मी रिकामी नाही. तुम्हाला हौस असेल तर बघा." आणि त्यांनी तो त्याच्याकडे सरकवला. साडूला धरायचं कुठे ते सांगितलेलं होतं, पण ऐकणं हा त्याचा धंदा नव्हे, बोलणं हा आहे. त्याने समोरून हात घातला. हवालदाराने अंगठा धरला तो बाईंनी पाण्यात बुडवेपर्यंत सोडला नाही. त्या दिवशीची त्याची बोंब लोकांनी तिसऱ्या गल्लीत ऐकली. तिथे कुणी तरी एक जुनं कपाट विकत घेतलं, असं म्हणतात.

कंडक्टर हसायला लागला आणि त्याची वरची कवळीही सुटली. त्याने ती पटकन हाताने दाबली.

"निकाल लागला," मी म्हणालो. "टाकी जिन्यावरून खाली आली, ती बघा, खिडकीत. तेव्हापासून याच्या घरातून आमच्या घरात पातेलं येत नाही आणि आमच्यातून जात नाही. मेहुणी जिन्यातून जाताना माझ्या चपला पायाने बाजूला सारते. मी म्हटलं, सारू दे. हवालदार माझ्याकडे आहे."

"आणि अंडी?" कंडक्टरने आठवण केली.

मला वाटलं होतं, छत्रीत तो अंडी विसरेल.

"अंडी," मी म्हणालो आणि मोटर थांबवली. "नीट ऐका. यानेच ऐकावं असं आहे." मी कवळीने साडूकडे बोट केलं, म्हणजे कवळीच त्याच्याकडे रोखली. "हवालदाराने ठकी खाल्ली. अख्खी. ठकी मूळची कोणाच्या घरची? याच्या. खाल्ली म्हणून गप्प बसणारी जात नव्हे. आत जाऊन भांडत राहिली. पहिल्यांदा हवालदाराने सलाम सोडला. मी पुढ्यात उभा, आणि हा पाठ करून बसलेला. मग खडे एका बाजूला झाडून लावायला लागला. मग खाताना तक्रार. गाजर टाकलं की उचलून बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि वाटाणा मागायचा. वाटाणे याच्या घरी खातात. मी ओळखलं, आतून ठकी डोकं चालवतेय. आणि एक दिवस त्याने कात टाकली."

"सापासारखी?" कंडक्टर म्हणाला.

"सापाची नुसती पिशवी निघते. याचा अख्खा पुतळा निघतो. पाठीवर फट पडते आणि आतला मऊ प्राणी बाहेर सरकतो. मागे राहतं कवच, पायांसकट, मिशांसकट, डोळ्यांवरच्या टोपणांसकट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मेलाच. माझ्या बायकोने तर वर जाऊन बहिणीला सांगितलं, मेला एकदाचा, आता बोलू या. मग दगडाखालून खरा बाहेर आला आणि पुन्हा अबोला."

"कात टाकली, मग?"

"मग काय. कातीबरोबर काड्याही गेल्या. नवं अंग घेऊन बाहेर आला तो बाईसारखा. काड्या नाहीत, पिसं लांब. ठकी आतून बाहेर आली, हवालदार आत गेला. आणि या आठवड्यात अंडी. काळी, वाटोळी, मोहरीसारखी, शेपटीखाली घोसच्या घोस. शेपटी दुमडून बसतो आणि पिसांनी त्यांना वारा घालतो. जा, बघून या."

कंडक्टर उठून खिडकीशी गेला. वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"अंडी तर आहेत," तो परत येऊन म्हणाला. "म्हणजे मादीच की हो."

बाकाच्या टोकाला काठी दुसऱ्यांदा वाजली. साडूने बादली मांडीवरून उचलून पायाशी ठेवली, टाकीच्या दिशेने तोंड करून.

"मादी असती तर मी स्वतः बादली भरून दिली असती," मी म्हणालो. "मी अन्यायी माणूस नाही. अंडी ठकीची आहेत, हे मला मान्य आहे. अंडी त्याने न्यावीत. एकेक सुटं करून न्यावं. पण अंडी ज्याने घातली तो हवालदार आहे, आणि हवालदार माझा. आता म्हणाल, पुरावा काय? जन्माने नर असल्याचा पुरावा मी जपून ठेवलाय."

कप्प्यातून मी कवळीची डबी काढली. आत कापूस, कापसावर कात. कागदासारखी हलकी, पाठीकडून उकललेली, पण बाकी सगळी शाबूत. मी ती उलटी करून कंडक्टरच्या तळहातावर ठेवली.

"शेपटीच्या मुळाशी बघा. दोन काड्या दिसतात?"

"दिसतात."

"कोणीकडे वळल्यात?"

"डोक्याकडे."

"पायांच्या मधोमध?"

"हो."

"बाईंनी काय सांगितलं होतं? काड्या दिसल्या की नर. ही कात त्याच टाकीत त्याच प्राण्याने टाकली. लेक साक्षीदार आहे. खोटं माणूस बोलेल, कात बोलत नाही."

"आहेत खऱ्या काड्या," कंडक्टर म्हणाला. त्याचं मत बदलत चाललेलं मला दिसत होतं. त्याने कात शिवणवाल्या बाईंकडे दिली. "बघा तुम्ही पण. अजबच म्हणायचं."

साडूने माझ्याकडे हात पसरला, कवळीसाठी. मी त्याला दिसेल अशी ती फिरवली. "एक कोपरा राहिलाय. बोलताना जीभ कापली तर पुन्हा माझ्याच नावाने शंख करशील."

"बाबा, द्या ती," लेक म्हणाली.

"देतो गं. तो काही लिलावाला चालला नाहीये."

शिवणवाल्या बाईंनी रुमाल मांडीवर ठेवला होता. कात त्यांनी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग दाराकडे वळून उजेडात. आयुष्यभर रंगीत रिळांच्या रांगेसमोर बसलेल्या बाई, कुठलीही वस्तू हातात आली की कापड हाताळावं तशी हाताळायच्या. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. पुन्हा कातीकडे. पुन्हा माझ्या हाताकडे. मला वाटलं, कारागिरीचं कौतुक चाललंय. मी कवळी जरा वर धरली, नीट दिसावी म्हणून.

कात त्यांनी पुढे, साडूच्या हातात दिली, आणि एका काडीवर करंगळीचं टोक ठेवलं. मग तेच बोट माझ्या हातातल्या कवळीकडे दाखवलं.

साडूने मान खाली घालून त्या काडीवर नख फिरवलं.

"काय झालं?" कंडक्टर म्हणाला.

लेक तिच्या टेबलावरून उठली. माझ्या हातातून कवळी घेतली, मला वाटतं जरा जोरातच, आणि साडूला दिली. "घ्या काका. कड वगैरे काही राहिलेली नाही."

त्याने ती तोंडात घातली नाही. उठला, काठी टेकत माझ्या टेबलापर्यंत आला, दिव्याखाली कवळी उताणी ठेवली आणि तिच्या शेजारी कात उताणी ठेवली. लेकीने दिवा खाली ओढला आणि वाकून बघितलं. कंडक्टरने तिच्या खांद्यावरून बघितलं. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

मीही बघितलं. मला काही विशेष दिसलं नाही. एक कवळी होती आणि एक निळी कात, निळ्या काड्यांसकट.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली, "ती उरलेली बाटली कुठाय?"

साडूने तिला हाताने थांबवलं. त्याने काठी उचलली. त्याचे ओठ आत गेलेले होते, हनुवटी नाकाला भेटायला आलेली होती, आणि मला वाटलं, हा आता कवळी उचलून आधी तोंडात घालील, मग बोलेल. तेवढ्यात काही तरी सुचेल मला. पण तो तसाच बोलला. बिनदातांचा, सगळ्यांच्या देखत, फुटक्या पिंपासारख्या बोबड्या आवाजात, आणि तरी जिन्यावर ऐकू जाईल असा.

"या रंगाची हिरडी जगात एकाच तोंडात आहे, हे मघाशी तूच सांगितलंस. तुझ्या नराच्या दोन्ही काड्या माझ्या हिरडीच्या आहेत. तीन वार. बादली भर."